जामसरच्या वाटेवरचं इंग्रजी

माणूस गेला की त्याने पाठ केलेले शब्द कुठे जातात? मी भगताला विचारलं, शाळेच्या मास्तरांना विचारलं, जव्हारच्या बंगल्यातल्या खानसाम्यालाही विचारलं. भगताने तांदूळ पाहिले, मास्तरांनी आभाळ पाहिलं, खानसाम्याने डोळे पुसले. मग पाड्यावरची माणसं माझ्याभोवती बसली आणि "तुला तो किस्सा आठवतो का रे?" सुरू झालं. उखळाभोवती कोंडा साचावा तसे माझ्या दादाचे किस्से साचलेत.

*

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ काळू, राजांच्या पाहुण्यांच्या बंगल्यात पाणी भरायचा. तिथला खानसामा पेद्रू दमणकडचा. तो एकदा म्हणाला, "काळू, टेबलावरच्या सगळ्या जिनसांची इंग्रजी नावं पाठ कर. दिवाळीला तुला आत घेतो. पांढरा कोट, डोक्याला फेटा!"

दादाला लिहिता येत नव्हतं. पण जामसरहून जव्हारला जाणारी वाट त्याच्या पायांना पाठ होती. मग काय, बंगल्यातून शब्द आणायचा आणि वाटेवर ठेवायचा! दारापुढचं मोहाचं झाड म्हणजे स्पून. ओढ्यातला चपटा खडक प्लेट. त्यापुढचा साग बटर. वारूळ सॉल्ट. खिंडीतल्या देवाला वाटसरू दगड वाहतात, तसा प्रत्येक ठिकाणी एक दगड ठेवायचा आणि मोठ्याने नाव घ्यायचा.

"दगड ठेवला की शब्द पळत नाही, बारक्या!"

*

शब्द वाढले, वाट पुरेना. मग स्वारी शेळ्यांवर आली. आमच्या काळ्या शेळीचं नाव फोर्क! संध्याकाळी आई रानाकडे तोंड करून ओरडायची, "फोर्काऽऽ, ये गं!"

एका बाजाराला आईने ती शेळी विकली. दुसऱ्या दिवशी पेद्रूने दादासमोर काटा धरला. "हे काय?"

दादाने खिडकीतून रानाकडे पाहिलं.

"बोल की!"

"मामा, तो शब्द आईने काल विकला!"

*

मधलाच शब्द विचारला की दादाची पंचाईत व्हायची. त्याला घरापासून निघावं लागायचं! एका दुपारी आत साहेब लोक जेवायला बसलेले. स्वयंपाकघराच्या दारात पेद्रूने मीठ दाखवून हळूच विचारलं, "याला काय म्हणतात?"

दादाने डोळे मिटले आणि जागच्या जागी पावलं टाकायला लागला.

"काय करतोस रे?"

"थांबा मामा, आत्ताशी ओढा ओलांडतोय."

"मग पळ की! सूप निवतंय!"

*

एकदा लाकूडतोडे आले आणि नेमके बटरच्या सागापाशी थांबले. मी कसला ऐकतोय! धावत जाऊन झाडाला मिठी मारली. "हे तोडाल तर माझ्या भावाची नोकरी जाईल!"

मुकादम चक्रावला. "झाडावर कसली नोकरी रे?"

तेवढ्यात दादा आला. त्याने माझे हात सोडवले आणि मुकादमाला समजुतीने म्हणाला, "न्या. बुंधा तेवढा ठेवा. साहेब लोक बटर थोडंच खातात!"

*

हळूहळू पाड्यालाच सवय लागली. "कुठं भेटू?" "सॉल्टपाशी ये!" एकदा शिकारीला आलेला एक साहेब वाट चुकून आमच्या दारात उभा. 'जव्हार, जव्हार' एवढंच म्हणे. आमची म्हातारी आत्या पुढे झाली आणि हात लांब करून तिने एकेक खूण सांगितली, "स्पून. प्लेट. बटर. सॉल्ट."

साहेबाने टोपी काढली आणि सरळ ओट्यावर बसला!

आत्या आत वळून म्हणाली, "नागलीची भाकर आणा गं. याला वाट सांगितली तर हा जेवायलाच बसला!"

*

दिवाळी तोंडावर आली. टेबलावरचे सगळे शब्द झाले, एकच उरला होता. तो घेऊन दादा आला तो अंगात ताप घेऊनच. पडल्या पडल्या म्हणाला, "बारक्या, नॅपकिन. कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "बरा झालास की ठेव. जागा कुठं पळतेय?"

दादा उठला नाही.

त्याला त्याच वाटेने नेलं. मडकं घेऊन मी पुढे. मोहाशी आलो आणि रडू फुटायच्या जागी तोंडातून निघालं, "स्पून!" मागून खांदेकरी म्हणाले, "स्पून." ओढ्यात सगळे म्हणाले, "प्लेट." बुंध्याशी, "बटर." वारूळ यायच्या आधीच आत्या ओरडली, "सॉल्ट!"

पुढे विसाव्याची जागा. खांदे बदलायला तिरडी तिथे टेकवली. पेद्रू जव्हारहून येऊन उभाच होता. त्याने काखेतला पांढरा कोट उलगडला आणि दादाच्या अंगावर घातला.

विसाव्यावर गेलेल्याचं नाव घेऊन दगड ठेवायची आमची रीत आहे. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दगड उचलला, दादाच्या उशाशी ठेवला आणि जोरात म्हणालो,

"नॅपकिन!"