ओल्या मातीत पुरलेली वेल

उर्गुत गावात पानगळ झाली की द्राक्षवेली मांडवावरून उतरवायच्या, छाटायच्या आणि हिवाळ्यापुरत्या मातीखाली आडव्या पुरायच्या. या कामात ओयनिसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या स्वतःच्या अंगणात मात्र पुरायला वेलच उरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा तोलिब वारला, तेव्हा शेजारचा एर्गाश फावडं घेऊन आला. "हे बाईमाणसाचं काम नाही," म्हणाला आणि भुरभुर पावसातच तिची वेल पुरून गेला. वसंतात उकरली तर काळा चिखल. वर एका लग्नात पुलावाचे घास घेता घेता हाच बाबा म्हणाला, "विधवेच्या अंगणात वेल टिकेल कशी?" माणसं हसली. ओयनिसाने मनाशी खूणगाठ बांधली. त्या जातीची वेल आता एकट्या एर्गाशकडे होती, तीही तोलिबनेच दिलेल्या काडीची.

यंदा एर्गाशची कंबर धरली. झक मारत त्याने ओयनिसाला बोलावलं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. ती निघाली तीच ठरवून, की ओलीच पुरायची, म्हणजे फिटंफाट. छाटणी उरकली, पण माती ओढताना हात अडला. वेल शेवटी तोलिबची होती.

"अका," मोठ्या भावासारखा मान देत ती म्हणाली, "दोन दिवस सुकू द्या. ओली पुरली तर डोळे कुजतील."

"मला शिकवतेस?" एर्गाश खाटेवरून गरजला. "ओलीला थंडी बाधत नाही. तुझीसुद्धा मी ओलीच पुरली होती!"

"आपली वेल आजवर माझा भाऊ पुरायचा, यंदा तो परगावी आहे," त्याची बायको सनोबर म्हणाली. "आपल्या वेलीला तुम्ही कधी फावडं लावलंत?"

"तू गप्प बस!"

म्हणजे याला तेव्हाही काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ज्याला वैरी म्हणून जपला, तो नुसता दीडशहाणा निघाला. नकळत झालेल्या चुकीला माफी असते म्हणतात. पण लग्नातलं ते बोलणं काही नकळत झालं नव्हतं.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं," ओयनिसा म्हणाली आणि ओली माती चांगली चोपून बसवली. "या छाटलेल्या काड्या?"

"ने की. तंदूर पेटव."

तिने मोळी घरी नेली आणि एकूण एक काडी कोरड्या वाळूत पुरली.

वसंतात एर्गाशच्या चरात काळा चिखल निघाला. ओयनिसाच्या वाळूतल्या चाळीस काड्यांना डोळे फुटले. टोपली घेऊन ती मोहल्ल्यात दारोदार फिरली, घरटी एक काडी देत.

"ओयनिसा-ओपा," एर्गाशने फाटकातून हाक मारली. जन्मात पहिल्यांदाच त्याने तिला ताई म्हटलं होतं. "एक आम्हालाही."

तिने टोपली दुसऱ्या कडेवर घेतली. सनोबरने कुंपणावरून नुसता हात पुढे केला. त्या बाईचं ओयनिसाला फार वाईट वाटलं. तरी तिने काडी दिली नाही.