जिवंत टोक

रबराच्या आमच्या प्रयोगशाळेत सुधाताईंचा शेवटचा दिवस होता. भांड्यातलं द्रावण केशरी होतं, म्हणजे रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची टोकं अजून जिवंत होती. अशा टोकांना आधी एक रसायन जोडतात, म्हणजे पुढे टायरमधल्या सिलिकाच्या भुकटीला ती घट्ट धरतात. अल्कोहोल घालून क्रिया थांबवायची ती त्यानंतर. ताईंनी अल्कोहोलच आधी ओतलं. केशरी रंग तत्क्षणी उडाला.

"मेली गं टोकं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

"निघायची घाई झालीय तुम्हाला," मी म्हटलं.

मेलेल्या टोकाला मग काहीच जोडता येत नाही. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते यासाठीच असावं.

संध्याकाळी पर्स उचलून ताई म्हणाल्या, "बरं, जाते."

"येते म्हणा," मी दटावलं. "बॅच पुन्हा लावायचीय."