तीन अष्टमांश इंच

वाकडी रेघ दिसली की माझे हात शिवशिवतात. यात माझा काही दोष नाही, नोकरीचा आहे. साठ सालाच्या आसपास मी बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चेकर होतो. ड्राफ्ट्समनने काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग माझ्याकडे यायचं. चूक सापडली की लाल पेन्सिलीने गोल करून शेरा मारायचा, नाहीतर ‘चेक्ड’ लिहून सही. माझ्या सहीशिवाय तिथे साधा बोल्ट बनत नसे, आणि हे मी घरी जरा जास्तच वेळा सांगत असे.

बायको गल्लीतल्या एका कानडी बाईंकडे चित्रकला शिकायला जायची. पपई, तांब्या, कण्हेरीचं फूल इथवर माझी काहीच तक्रार नव्हती. मग एक दिवस तिने करड्या रंगाचा कॅनव्हास आणून खिडकीजवळ ठेवला. त्यावर वरून खाली दोन जाड काळ्या रेघा. संपलं.

“हे काय?”

“चित्र.”

“ते कळलं गं! कशाचं?”

“कशाचंही नाही. नुसतं बघा.”

“बरं, स्केल काय आहे?”

तिने कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पण थट्टेची गोष्ट नव्हती ती. शहरात मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि तिला ते चित्र द्यायचं होतं. लग्नाआधी तिला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं, पण वडिलांनी साफ नाही म्हटलं होतं. हे चित्र निवडलं गेलं तर आपण खरंच चित्रकार, नाहीतर हौस पुरे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मला तसं सांगितलंही होतं. मी ऐकलंही होतं.

रविवारी ती घरमालकीण अक्कांबरोबर चिकपेटला ब्लाउजपीस आणायला गेली. घरात मी आणि त्या दोन रेघा. पेपर वाचून झाला. डोळा सारखा तिकडेच. शेवटी फूटपट्टी घेऊन उठलोच. दोन रेघांमधलं अंतर वर तीन इंच भरलं, खाली दोन आणि पाच अष्टमांश. कसली समांतर अन् कसलं काय! पुढचं हातानेच केलं. खालच्या टोकाला लाल गोल, आणि बाजूला शेरा: ‘समांतर नाही. दुरुस्त करा.’

ती परत आली. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी खुर्चीत अंग चोरून बसलो. ती ओरडली नाही. शेऱ्यावर बोट ठेवून अगदी हळू म्हणाली, “खरंच चुकलंय का हो?”

“तीन अष्टमांश इंच,” मी म्हणालो. गाढव कुठला!

तिने माझाच टी-स्क्वेअर मागून घेतला आणि रेघ सरळ केली. एवढे इंजिनिअर ज्याचं ऐकतात, त्याचं तिने ऐकलं.

महिन्याभराने चित्र परत आलं. निवड झाली नव्हती. तिने ते कपाटामागे सरकवलं आणि क्लासला जाणं बंद केलं. “पपया काय, बाजारात मिळतात,” एवढंच म्हणाली.

ते तिथून काढलं अक्कांनी. त्यांचं घराणं शिवकाळापासून इकडचं, मराठी निम्मी कानडीत बुडालेली. “अय्यो, ओल लागून बुरशी येईल की! स्वल्प दिवस भिंतीवर असू दे,” म्हणत त्यांनी ते बरोबर माझ्या खुर्चीसमोर टांगलं.

झालं, मला शिक्षाच. रोज संध्याकाळी कॉफी घेऊन मी त्याच्यासमोर. मोजलं तर सगळं बरोबर, आणि बघावं तर मेलेलं. पहिल्या वेळी एक रेघ खाली येता येता दुसरीकडे कलत होती, मधली जागा आवळत होती, आणि तिथे पोचलं की जीव उगाच थोडा अडकायचा. आता दोघी ऑफिसातल्या कारकुनांसारख्या शेजारी उभ्या. मग लक्षात आलं, लाल गोल मी नेमका तिथेच का केला होता? डोळा तिथेच जात होता म्हणून! चित्र मला तेव्हाच दिसलं होतं, आणि मी त्याला चूक म्हणालो.

“अगं, ती रेघ वाकडीच हवी होती,” मी सांगून टाकलं.

ती मेथी निवडत होती. “आत्ता सांगताय? जळ्ळं मेलं तुमचं मोजमाप!” म्हणाली आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून तिने ब्रश माझ्या हातात कोंबला. “तुम्ही बिघडवलीत ना? तुम्हीच करा वाकडी.”

आधी कागदावर सराव केला. चार वेळा काढली, चारही वेळा ओळंब्यात. पाचव्यांदा जीभ बाहेर काढून प्रयत्न केला, तीही सरळ! ती हसता हसता खालीच बसली. मग उठली, ब्रश घेतला आणि कॅनव्हासवर एका दमात रेघ ओढली.

सोमवारी ती क्लासला गेली. जाण्याआधी तिने चित्र उलटं करून लाल पेन्सिल पुढे केली. मी मागे ‘चेक्ड’ लिहिलं आणि सही केली. उभ्या नोकरीत न मोजता केलेली माझी ती एकच सही.