अक्काचा एक्स-रे

माझी अक्का अकराव्या वर्षीच मरायची होती.
मेली नाही. काल सकाळी गेली, ब्याऐंशी पूर्ण करून.

कालपासून फॅमिली ग्रुपवर एकच चाललंय. "अप्पांच्या पुण्याईनं ती तेव्हा वाचली." अप्पा म्हणजे आमचे वडील.
मी तिथं होते. नऊ वर्षांची होते, आंधळी नव्हते.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही भालकीजवळ मेहकरला राहायचो.
महिन्या-दोन महिन्यांनी अक्काच्या पोटात असं दुखायचं की ती गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकून बसायची. उलट्या, घाम.

काकी म्हणायची, "भाकरी थापायच्या वक्तालाच बरं दुखायलंय गं तुला."

बेंबी सरकली म्हणून तिचं पोट चोळलं. अशक्तपणा म्हणून वाटी वाटी तूप पाजलं. तुपानं दुखणं आणखी वाढायचं.
त्या वाट्या आठवल्या की आजही डोकं फिरतं.

शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा अप्पांनी तिला रेल्वेनं हैदराबादला नेलं. मी रडून रडून सोबत गेले.

दवाखान्यात खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून एक्स-रे काढला.
आम्ही लिंगायत. अक्काच्या गळ्यात लांब दोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी, थेट पोटावर. जिथं बघायचं, नेमकी तिथंच ती फोटोत आली.

एक्स-रेवाला वैतागला. "अप्पा, डिब्बी निकालो. कुछ नै दिखरा."
अप्पा म्हणाले, "लिंग अंगावेगळं होणार न्हाई. जीव गेला तरी."

कुणाचा जीव, ते बोलले नाहीत. गाठोडं उचलून निघायलाच लागले.

टेबलावरून अक्का म्हणाली, "अप्पा, पूजेला लिंग हातावरच घेतो की आपण. तवा ते अंगावेगळं असतंय व्हय?"
अप्पांनी गाठोडं खाली ठेवलं.
"मग मी हातावर घेऊन झोपते. त्यांना फोटो काढू द्या."

तिनं डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, रिकामी डबी गळ्यातून काढून माझ्याकडं दिली, हात लांब पसरला आणि आडवी झाली.

फोटोत आतडं एका जागी आवळलेलं दिसलं. ऑपरेशनमध्ये कारण कळलं. जन्मतःच स्वादुपिंडाचं कडं आतड्याभोवती पडलेलं. अन्न तिथं अडायचं आणि स्वादुपिंडाला सूज यायची.
डॉक्टरीणबाईंनी अन्नाला बाजूनं नवी वाट करून दिली. त्याआधी स्वतः लिंग स्पिरिटनं पुसून अक्काच्या मुठीत पट्टीनं बांधलं. त्या बाईंना तिचं म्हणणं कळलं होतं.

परतताना वाटेत मी अप्पांना विचारलं, "अक्का आता मरणार न्हाई ना?"
अक्काच म्हणाली, "न्हाई. आणि तुला शाळेत घालायला सांगणार हाय मी."
सांगितलं. म्हणून मी कॉन्व्हेंट शाळेचं तोंड बघितलं.

पुढं अक्काला तीन लेकरं झाली. गल्लीतलं कुणाचंही पोर पोट धरून बसलं की ती दारात हजर. "ड्रामा म्हणू नगा. आधी दवाखाना."

तेव्हा ग्रुपवरच्या शहाण्यांनो, अप्पांनी तिकीट काढलं, एवढं खरं. डोकं अक्काचं होतं.

अक्का, एकाहत्तर वर्षं तू स्वतः मिळवलीस आणि मनसोक्त जगलीस.
जा आता निवांत. तुला माझं शरणु.