वहिनीच्या नावाचं पान

साठ सालानंतरची गोष्ट, माझ्या लग्नाआधीची. किहीमजवळच्या आमच्या कोळीवाड्यात मुंबईच्या एक बाई वही घेऊन आल्या. मला तर त्या पाहताक्षणीच खटकल्या…

आठ महिन्यांपूर्वी माझा दादा होडीसकट समुद्रात गेला होता. सापडला नव्हता. आमच्या घरात माणूस सापडेपर्यंत बायको कुंकू पुसत नाही, म्हणून वहिनी रोज कपाळभर कुंकू लावायची. रडायची नाही, बोलायचीही नाही फारशी.

बाई म्हणाल्या, दुःखाचा मनावर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास आहे. अभ्यास म्हणे! वाड्यात कुजबुज होती की अशी माणसं नाव लिहून नेतात, आणि मागाहून वेड्यांच्या इस्पितळाची गाडी येते. नवरा गेला तरी कुंकू लावते हे वहीत गेलं की संपलंच… वहिनीच्या चार वर्षांच्या पोरीला मग आई कुठली?

म्हणून वहिनीला मी बजावून ठेवलं होतं, तोंड उघडायचं नाही. ती सुपात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली आणि उत्तरं मी दिली. झोप लागते का? लागते. जेवण जातं का? जातं. सगळं धडधडीत खोटं. बाई माझ्याकडे बघायच्या आणि लिहायच्या.

मग त्यांनी वहिनीलाच विचारलं, ते घरून निघाले तो दिवस आठवतो का? वहिनीला धाप लागली. मांडीवरचं सूप कलंडलं.

बाईंनी घाईघाईने एक ओळ खरडली आणि पेनला टोपण लावलं. माझं डोकंच फिरलं, अशा वेळीही लिहिते ही बया!

"काय लिवलंस ता दाव आधी," मी म्हटलं.

त्यांनी वहिनीला पाणी दिलं आणि ते पानच फाडून माझ्या हातात ठेवलं. मी सातवी पास, वाचता यायचं. वर लिहिलं होतं, 'नणंद घाबरली आहे, उत्तरं तिची आहेत, हिशेबात धरू नयेत.' आणि खाली, 'यांना त्रास झाला. चूक माझी. पुढे विचारू नये.'

लाज वाटली मला. वहिनीला वाचून दाखवलं. बाई उठून निघाल्या, तर वहिनी म्हणाली, "बस गो बाय. मना सांगाचा हाय."

त्या दिवशी ती पहिल्यांदा दादासाठी रडली. बाईंनी नुसतं ऐकलं.

संशयी स्वभाव माझा अजून तसाच आहे… घरी कुणी फॉर्म घेऊन आलं की मी आधी विचारते, आमचं माणूस मधेच रडलं, तर तुम्ही थांबाल ना?