पाया पडणारा मारेकरी

लातूरच्या मन्मथअप्पांनी नांदेडचा चहा आयुष्यभर वर्ज्य केला, आणि त्याला कारण मी होतो. हे मी त्यांच्यापासून लपवले. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘अप्पा गेले, लिंगैक्य झाले’, तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात आले ते हेच, की आता सांगायचे कुणाला... अशा क्षणीही माणसाला स्वतःचीच काळजी पडावी, याची मला लाज वाटली.

लातूरचा नवा जिल्हा झाला त्या काळात मी नांदेडहून तिथे शिकायला गेलो आणि अप्पांच्या माडीवर भाड्याने राहू लागलो. डाळीच्या दुकानाला जोड म्हणून अप्पा लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करीत. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, आता चित्रपटही मिळायला हवा, असे त्यांचे साधे गणित होते. व्हिडिओ सेंटरवर आम्ही एक विदेशी चित्रपट पाहिला होता. त्यातला भाडोत्री मारेकरी लांब रेनकोट घालून मुसळधार पावसात येई, एक शब्दही न बोलता गोळी घाली आणि निघून जाई. तोच मराठीत काढायचे ठरले. दिग्दर्शक अप्पा, मारेकरीही अप्पाच. दुष्काळाने गावातल्या विहिरी आटलेल्या. अप्पा रेनकोट घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने त्यावरची धूळ झटकली आणि अप्पांच्या तब्येतीची चौकशी करून तो त्यांच्या हाती दिला.

पावसासाठी अप्पांनी मेहुण्याच्या मळ्यातून टँकर मागवला. तो गल्लीत शिरताच घागरी-हंडे घेऊन बायकांची रांग लागली. मी कुरकुरलो, तर अप्पा म्हणाले, “अरे, ह्यांच्या घरात प्यायला न्हाई, अन् मी डोक्यावर वतून घेऊ? लोक काय म्हनतील?” मग तो निर्दय मारेकरी, खिशात पत्र्याचे पिस्तूल ठेवून, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हंडे चढवत राहिला. शेवटी बादलीभर पाणी उरले. ते मी गच्चीवरून झारीने ओतले. त्यामुळे चित्रपटात पाऊस फक्त मारेकऱ्यावर पडतो. मागे धुरळा उडतो आहे आणि उन्हात एक कुत्रे निवांत झोपले आहे.

खरा घोटाळा खुनाच्या प्रसंगात झाला. मरणाऱ्या शेठजींचे काम अप्पांच्या सख्ख्या मामांकडे होते. दार ढकलून अप्पा आत आले, समोर खुर्चीत मामा दिसले, आणि जन्माच्या सवयीने खाली वाकून, पायाला हात लावून म्हणाले, “शरणार्थ, मामा.” लिंगायत घरातला हा रोजचा नमस्कार. मामांनीही सवयीने डोक्यावर हात ठेवून ‘कल्याण होवो’ असा आशीर्वाद दिला, आणि मग गोळी खाल्ली. अप्पांनी प्रसंग पुन्हा घेऊ म्हणून फार विनवले. मामा धोतर झटकत उठले. “एकदा मेलो तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा मरत नसतो मी.” प्रसंग तसाच राहिला.

पहिला खेळ मी मोठ्या बढाईने नांदेडला, माझ्या चुलत भावाच्या व्हिडिओ सेंटरवर ठरवला. अप्पा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत बसले. मी मागे, जुन्या मित्रांमध्ये. अप्पांकडे बघून ‘हा कुणाचा माणूस रे?’ अशी त्यांची कुजबुज सुरू झाली आणि मी अंग चोरू लागलो. पडद्यावर मारेकरी मामांच्या पाया पडला. अंधारात आवाज बदलून मी ओरडलो, “शरणार्थ अप्पा! चहा घ्या, मग घाला गोळी!”

सारी खोली हशाने फुटली. तोवर काही माणसे खरोखर मन लावून बघत होती, हे मी नमूद केलेच पाहिजे. त्यानंतर मात्र कुणी काही बघितले नाही. अप्पांनी एकदाच मागे वळून पाहिले... तेव्हा मीही मागे वळून गुन्हेगार शोधत होतो.

परतीच्या एस.टी.त कंधार आल्यावर ते म्हणाले, “नांदेडात मानूस तू एकच बघ, सुधाकरा.”

दुसरा चित्रपट त्यांनी मनात रचून ठेवला होता. तो निघाला नाही. कॅमेरा पुन्हा लग्नाच्या मांडवात गेला. नांदेडचे लग्न असले तर अप्पा लातूरहून थर्मासमध्ये चहा भरून नेत. थोरल्या लेकीला तिथले चांगले स्थळ सांगून आले, तर तेही त्यांनी परतवले. ती उदगीरला सुखात नांदली, एवढाच माझ्या जिवाला दिलासा. घरी आलेल्या प्रत्येकाला ते त्या नांदेडच्या दुष्टाची हकिगत सांगत, आणि सांगता सांगता माझ्या कपात आणखी चहा ओतत. मी तो वर्षानुवर्षे प्यालो. सांगायला अनेकदा तोंड उघडले, आणि दर वेळी त्यात बिस्कीट घातले.

दिवसकार्य उरकल्यावर भेटायला गेलो. दुकानात, गादीच्या मागच्या खुंटीवर तो रेनकोट तसाच होता, डाळीच्या पिठाने पांढुरका झालेला. त्यानंतर किती पावसाळे येऊन गेले. अप्पांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “घालून जावा म्हनलं, तर ऐकत नव्हते. म्हनायचे, ‘शूटिंगचा हाय, भिजंल.’” मग त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. “घ्या. नांदेडचे तुम्हीच तेवढे त्यांचे.”

कप उचलवेना. मी उठलो, त्या रेनकोटापुढे वाकलो आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “शरणार्थ, अप्पा. त्या दिवशी ओरडला तो नांदेडचा माणूस मीच होतो. मला माफ करा.”