शेवंताबाईंची पानथरी

सिरिंजमध्ये काहीच आलं नाही. सुई जरा फिरवून पुन्हा ओढलं. नुसती हवा.

शेवंताबाई कुशीवर पडून होत्या. सुई त्यांच्या कंबरेच्या हाडात.

"झालं का वं बाई?"

"थांबा जरा, मावशी."

"थांबलीच हावो ना. कुठं जाऊन राहिली मी?"

दारातून आमचे सर्जन सर डोकावले. "काय मॅडम, सुई बोथट आहे की हात?"

मी भंडाऱ्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. शेवंताबाई पवनीच्या, वैनगंगेत जाळं टाकून मासे विकणाऱ्या. हिमोग्लोबिन सहा, म्हणजे हवं त्याच्या निम्मं. पानथरी, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फुगून बेंबीपर्यंत आलेली. सरांचं निदान तयार होतं: पानथरी रक्त खाते, काढून टाका. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. बोनमॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा रिपोर्ट त्यांना फक्त फाइलला लावायला हवा होता.

मगज आला नाही की आम्ही त्याला 'ड्राय टॅप' म्हणतो आणि दोष सुईला देतो. मीही दिला. मग बाईंच्या रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. लाल पेशी थेंबासारख्या ओढलेल्या. शिवाय कच्च्या पेशी, ज्यांनी हाडाबाहेर पाऊलच टाकायचं नसतं, खुशाल हिंडत होत्या. सुई निर्दोष होती.

रक्त बनवणाऱ्या मूळपेशी मगजात एकट्या राहत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांना धरून ठेवतात, कधी निजायचं, कधी कामाला लागायचं ते सांगतात. मला शंका आली त्या आजारात काही मूळपेशी बिघडतात आणि शेजाऱ्यांनाच चिथावतात. शेजारी मग धागेच धागे तयार करत सुटतात. मगजात राहणं अशक्य होतं. मूळपेशी बाहेर पडतात आणि पानथरीत जाऊन रक्त बनवू लागतात. सर नेमकी तीच कापायला निघाले होते.

"सर, उद्या नको. हाडाचा तुकडा काढून नागपूरला पाठवते."

"ऑपरेशन थिएटर बुक आहे."

"रक्त पानथरीतच बनत असेल तर?"

"असेल तर! सुईचा राग माझ्या ऑपरेशनवर काढू नका."

मी सरळ शेवंताबाईंकडे गेले. सगळं सांगितलं.

"म्हंजे हाडात जागा नाही रायली, म्हून रक्त बनवनारे पोटात आले?"

"हो. असं मला वाटतं. तपासायला हवं."

"अन् हा डॉक्टर तेच कापून राहिला?"

"उद्या सकाळी."

"मी नाही करत सही. घे माह्या हाडाचा तुकडा. पन या बारी काहीतरी काढजो बाई."

काढला. त्या ओरडल्या, मला दोन शिव्याही दिल्या. आठवड्याने रिपोर्ट आला: मगजात धाग्यांचं दाट जाळं. मायलोफायब्रोसिस. ऑपरेशन रद्द. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आजार गेलेला नाही, मधूनमधून रक्ताची पिशवी लागते. पण पानथरी चार बोटं आत गेली आणि बाई पोटभर जेवू लागल्या.

सरांनी रिपोर्ट वाचला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "मी आधीपासून सांगत होतो, घाई नको."

तेव्हापासून मी सरांचं मत लेखी घेते.